दिवस मावळला की परत

सगळा घोटाळा एका वाक्याने केला. कोपनहेगनला पोचलो त्या रात्री मास्तरने वहीत दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम लिहून काढला आणि खाली लाल पेनाने ओळ मारली : ‘दिवस मावळला की परत.’ आम्ही तिघांनीही माना हलवल्या. सांगलीच्या हॉस्टेलवर होतो तेव्हाही हाच नियम होता. महिना जूनचा आहे आणि गाव डेन्मार्कातलं आहे, हे चार इंजिनियरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहाटे साडेचारला खोलीत लख्ख ऊन आलं. “आरं उठा, नऊ वाजलं असतील,” म्हणत बापू आंघोळीला गेला. बाहेर येऊन त्याने घड्याळ पाहिलं, तर पाचला दहा कमी. आता, आंघोळ झालेला माणूस पुन्हा झोपत नाही आणि दुसऱ्याला झोपू देत नाही. सव्वासहाला आम्ही रस्त्यावर होतो. दुकानं बंद, म्युझियम बंद, कबुतरंसुद्धा अजून अर्धवट झोपेत.

पहिली कॉफी मिळाली तेव्हा पहिला झटका बसला. 45 क्रोन. त्या आठवड्यात एका क्रोनला तेरा रुपये पडत होते. म्हणजे परदेशात येऊन आम्हाला शाळेतल्या सगळ्यात खडूस पाढ्याशी गाठ घालावी लागली. बाराचा सोपा, पंधराचा गोड, तेराचा मात्र कुणालाच धड येत नाही. “तेरा चोक बावन्न, तेरा पंचे पासष्ट...” अण्णा काउंटरपाशीच पुटपुटायला लागला. बाई शांतपणे थांबली होती. तिला वाटलं असावं, खाण्याआधीची प्रार्थना चालली आहे. “पाचशे पंच्याऐंशी!” अण्णा ओरडला आणि त्याने कप दोन्ही हातांनी धरला. त्यानंतर दिवसभर त्याने एकही पदार्थ नुसत्या नावाने ओळखला नाही. ‘तो अडीचशेचा केळ्याचा तुकडा’, ‘ती चारशेची पाण्याची बाटली’, असंच चाललं होतं. इथलं नळाचं पाणी बिनदिक्कत प्यावं इतकं चांगलं असतं, हे आम्हाला चौथ्या बाटलीनंतर कळलं.

त्या बाटलीवर एक छोटी खूण होती. रिकामी बाटली किंवा डबा दुकानातल्या मशीनला परत दिला की अनामत मिळते : डब्याला 1 क्रोन, छोट्या प्लास्टिकच्या बाटलीला दीड, मोठ्या बाटलीला 3. हे वाचलं आणि अण्णाचा चेहरा उजळला. रद्दी, दुधाच्या पिशव्या आणि भंगार यांवर पोसलेल्या पिढीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तिथून पुढे अण्णाची पाठपिशवी वाजायला लागली.

खरी परीक्षा मात्र सायकलवाल्यांनी घेतली. या शहरात फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये सायकलींची वेगळी पट्टी आहे, एका पायरीइतकी खाली. गाड्या उजवीकडून चालतात. म्हणजे आपण जन्माच्या सवयीने उजवीकडे बघून पाय टाकतो आणि संकट डावीकडून येतं. ते येतं तेही आवाज न करता. मग अगदी कानाशी ‘ट्रिंग!’ ती घंटी आपल्याकडच्या हॉर्नसारखी ‘मी आलोय’ असं सांगत नाही. ‘तू इथे का आहेस’ असं विचारते. सूटातले साहेब, पुढच्या खोक्यात दोन पोरं आणि भाजी घेतलेली आई, सत्तरीची आजी, सगळे सुसाट. एका बाईने थांबण्याआधी हात वर केला. ती मागच्यांना खूण होती. बापूला वाटलं ओळख दाखवतेय. त्याने पट्टीच्या मधोमध उभं राहून हात वर करून राम राम घातला. मागच्या सहा सायकली थांबल्या. सहाही जण डॅनिश माणसाला शक्य तितके रागावले, म्हणजे काहीच बोलले नाहीत. त्यापेक्षा पुणेरी चार शब्द परवडले असते.

मग मास्तरने गोल मनोरा काढला. 1642 साली पुरा झालेला, चौथ्या क्रिस्तियान राजाने बांधलेला. “जिने नाहीत, उतार आहे,” असं सांगून त्याने आम्हाला आत नेलं. उतार आहे, हे खरं. तो साडेसात वेढे घेत वर जातो आणि 209 मीटर लांब आहे, हे त्याने तिसऱ्या वेढ्याला सांगितलं. आणि शेवटी एक अरुंद जिना आहेच, हे सांगितलंच नाही. चौघांचं मिळून वय दोनशेच्या वर, गुडघे आठ, त्यांतले चांगले तीन. “1716 मध्ये रशियाचा पीटर झार इथून घोड्यावर बसून वर गेला होता,” मास्तर म्हणाला. बापू भिंतीला टेकला. “शाना होता त्यो,” एवढंच बोलला.

वर वारा होता, लाल कौलं होती आणि मास्तरची वही होती. याच राजाच्या काळात, 1620 साली, डेन्मार्कच्या लोकांनी तमिळनाडूत तरंगमबाडीला वखार आणि किल्ला उभा केला, असं त्याने वाचून दाखवलं. ती वखार 1845 ला इंग्रजांना विकेपर्यंत त्यांच्याकडे होती. “म्हणजे सव्वादोनशे वर्षं हे आपल्याकडे मिरी घ्यायला येत होते,” अण्णा म्हणाला, “आणि आता कॉफीचे पाचशे पंच्याऐंशी?” यावर मास्तरकडे टीप नव्हती.

जेवण न्यूहाव्नला, कालव्याकाठच्या त्या रंगीबेरंगी घरांसमोर. फोटोत दिसतं तितकंच ते सुंदर आहे, यापलीकडे मला काही सांगता येणार नाही, कारण माझं लक्ष ताटाकडे होतं. काळ्या राईच्या पावाची एक फोड, त्यावर हेरिंग मासा, कांदा, शेपूची काडी. बापू बराच वेळ थांबला. “वरचा पाव इसरलेत,” तो म्हणाला. हा उघडाच असतो आणि काट्यासुरीने खायचा असतो, हे वेटरने समजावलं. बापूने ऐकून घेतलं, फोडीची घडी घातली आणि वडापावासारखी दोन घासांत संपवली. पोट भरायला मग काठावर बसून सांगलीचं भडंग काढलं. त्यातला पहिला बकाणा एका सीगलने माझ्या हातावरून उचलला. तिखट लागलं असावं. तो सरळ पाण्यात जाऊन बसला.

दुपारचे पाच. सूर्य डोक्यावरून जेमतेम कललेला. मास्तर म्हणाला, “अजून खूप दिवस आहे.” हे वाक्य आम्ही सात वाजताही ऐकलं आणि साडेआठलाही.

जलपरीच्या पुतळ्याकडे जाताना वाटेत एक मोठं कारंजं लागलं. एक बाई आसूड उगारून चार बैलांचा नांगर हाकतेय आणि बैलांच्या नाकपुड्यांतून पाणी उडतंय. दिवसभरात पहिल्यांदाच बापू आपणहून थांबला. मास्तरने गोष्ट सांगितली. ही गेफ्यून देवी. स्वीडनच्या राजाने तिला कबूल केलं होतं की एका दिवसरात्रीत नांगरशील तेवढी जमीन तुझी. तिने आपल्या चार पोरांना बैल केलं, स्वीडनमधला तुकडाच नांगराने उपटला आणि ओढत इकडे आणला. तेच हे बेट, ज्यावर आपण उभे आहोत.

बापू हसत सुटला. त्याच्या भावकीचा बांधाचा दावा एकोणीस वर्षं कोर्टात आहे. “म्हंजे हिनं बांध कोरला! आन् थोडाथोडका न्हाई, आख्खा जिल्हा!” मग बैलांभोवती एक फेरी मारून गंभीरपणे म्हणाला, “पण सातबारा कुणाच्या नावावर?” घरी पाठवायला त्याने राजवाड्यापुढे फोटो काढला नव्हता, इथे अकरा काढले.

आणि मग ती. छोटी जलपरी. ‘छोटी’ हे लाडाचं विशेषण नसून मोजमाप आहे, हे कुणी आधी सांगत नाही. ब्राँझची मूर्ती, उंची 1.25 मीटर. 1913 पासून खडकावर बसली आहे. भोवती शेदीडशे माणसं, एकमेकांच्या मोबाईलमध्ये डोकी घालून. “आमच्या वाड्यातलं तुळशीवृंदावन हिच्याहून उंच होतं,” अण्णा म्हणाला. 1964 आणि 1998 साली तिचं डोकं कापून नेलं होतं, असं मास्तर सांगत होता तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. पाय दुमडलेले, मान एका बाजूला, डोळे पाण्याकडे. ‘आणखी किती वेळ?’ हा भाव चेहऱ्यावर स्पष्ट होता. अख्ख्या कोपनहेगनमध्ये त्या क्षणी मला समजून घेणारी ती एकटीच होती.

साडेनऊला अण्णा बाटल्या घेऊन एका दुकानात शिरला. पाच बाटल्या, सात डबे. त्यांतले किती आमचे होते, हे आम्ही विचारलं नाही. मशीनने एकेक गिळली आणि चिठ्ठी काढली : साडेचौदा क्रोन. अण्णाने पाढा मोठ्याने म्हटला. एकशे अठ्ठ्याऐंशी रुपये पन्नास पैसे. दिवसभरात आलेली पहिली जमा. त्या पैशात चौघांसाठी काय येईल, याची दुकानात वीस मिनिटं चर्चा झाली आणि शेवटी चार केळी आली.

ती आम्ही कालव्याकाठी बसून खाल्ली. दहाला पाच मिनिटं असताना सूर्य एकदाचा छपरांमागे गेला. मी उठलो. पण बापू झोपेतच पुटपुटला, “उजेड हाय की अजून.” मास्तरने आकाशाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मावळणं म्हणजे सूर्य जाणं की अंधार होणं, यावर त्याचा आणि अण्णाचा वाद हॉटेलच्या लिफ्टपर्यंत चालला होता. खोलीचे पडदे घट्ट ओढून, फटीत टॉवेल कोंबून आम्ही आडवे झालो.

पहाटे साडेचारला टॉवेल खाली पडला. बापू आंघोळीला गेला.