‘शास्त्र झेपत नसेल तर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘पाण्यात काठी का वाकते’ या लेखात मी लिहिलं होतं की पाण्याचा तळ खऱ्या खोलीच्या पाऊण खोलीवरच दिसतो. त्या लेखावर रत्नागिरीच्या एका वाचकांनी तीन आक्षेप घेतले आहेत. पहिला त्यांच्याच शब्दांत: “तळ पाऊण खोलीवर दिसतो हे फक्त सरळ वरून पाहिलं तर. शास्त्र झेपत नसेल तर गावच्या आठवणीच लिहाव्यात.” उरलेले दोन असे: आरसा डावं-उजवं उलटं करत नाही, आणि बुडता सूर्य वर उचललेला दिसतो तो समुद्रामुळे नव्हे.

आधी कबुली देऊन टाकतो. खाडीच्या पाण्याला मी १.३३ हा अपवर्तनांक (पाण्यात शिरताना प्रकाश किती वळतो, त्याचं माप) लावला, तो गोड्या पाण्याचा. समुद्राच्या पाण्याचा १.३४च्या आसपास. चूक माझी, दुरुस्त केली. झालं समाधान?

आता ‘झेपत नसेल तर’. साहेब, वीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. काचेच्या ठोकळ्याभोवती टाचण्या टोचून टोचून आमच्या ड्रॉइंग बोर्डांची चाळण झाली होती. आपाती किरण, स्तंभिका, अपवर्तित किरण हे झोपेतून उठवून विचारा. ‘इथे गफलत झाली आहे’ एवढं म्हणता आलं नसतं का? पण नाही, आधी लायकी काढायची. आपलं वय मला ठाऊक नाही, तरी लिहिण्यावरून अंदाज येतो.

आरशाचं आणि सूर्यास्ताचं म्हणाल तर आरसा डावं-उजवं नव्हे, पुढचं-मागचं उलटं करतो, हे मला मान्यच आहे. बुडता सूर्य हवेमुळे सुमारे ३४ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचललेला दिसतो. समुद्रामुळे, असं मी कुठे लिहिलंय? लेख पुन्हा वाचा.

आणि आठवणीच हव्यात ना? घ्या. माझं आजोळ देवबागचं, एकीकडे दर्या, दुसरीकडे कर्लीची खाडी. थंडीत पाणी नितळ असायचं. मामा कमरेएवढ्या पाण्यात टोक काढलेली चिव्याची (बारीक बांबूची) काठी घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “मासो दिसता थंय नसता. खाली मार.” त्यांनी अपवर्तनांक हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. मी बांधावर उकिडवा बसून आठ-दहा हात पुढचा तळ न्याहाळत होतो. वाळूवरच्या लाटांच्या रेघा, एक फुटका शिंपला, सगळं स्वच्छ. पाणी फार तर गुडघाभर. उडी मारली आणि थेट गळ्यापर्यंत गेलो, नाकातोंडात खारं पाणी. मामांनी बखोट धरून बाहेर काढलं आणि वर एक धपाटा घातला.

गुडघा ते गळा! आता तुम्ही लगेच हिशोब मांडाल, की हे पाऊण कुठलं, हे तर निम्म्याहूनही कमी. असेल. बांधावरून मी तिरकंच पाहत होतो. पण तुमच्यासारखं तिरकं बोलत नव्हतो.

लेखात ‘सरळ वरून पाहिल्यास’ हे तीन शब्द कालच घातले आहेत. मामांची आठवण झाली म्हणून घातले, गैरसमज नसावा.