घे म्हणणारे लई, ऱ्हा म्हणणारं कुणी न्हाई

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी गूळ मार्केटच्या चौकात आमचा कट्टा उशिरा भरला. भज्जी, उंडे आणि खिरीनं सगळ्यांची पोटं अजून जडच होती. आबा मात्र वेळेवर हजर. 31 वर्षं एसटी चालवलेला माणूस, रिटायर झाला तरी गाडी सुटायच्या टायमालाच येतो. मांडीवर पेपर होता आणि तेच पान वर होतं. बातमी सकाळपासून सगळ्या लातूरला माहीत होती.

"पिऊन गाडी चालवत होती, दोन पोरं गेली," आबा म्हणाले आणि पेपरची घडी घातली.

"नशीब एकेकाचं," बप्पा म्हणाला.

बप्पा आमचा गुत्तेदार. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाइल, आणि बोलणं कशावरही असो, शेवट 'विषय संपला'. "ज्याला पचत न्हाई त्यानं पिऊ नये. माझं बघा. चार पेग झाले तरी गाडी कशी सुतात जाती. उलट घेतल्यावर ध्यान जास्तच राहतंय. विषय संपला."

आबांनी चष्मा काढला. "बप्पा, दारू पायात नंतर जाती, आधी डोक्यात जाती. आपण नीट चाललोय का न्हाई हे सांगणारं आत जे असतंय ना, तेच पहिल्यांदा झोपतंय. मग तुला सांगणार कोण? बाजूला बसलेला? तोबी पिलेलाच."

"लिंबू पिळून घ्यायचं, दही खायचं, लवंग चघळायची. दहा मिनिटांत उतरती."

हे ऐकून डॉक्टर पुढं सरकला. डॉक्टर म्हणजे मेडिकल दुकानवाला. सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यांना एकच पिवळी गोळी देतो म्हणून आम्ही त्याला छळतो, पण या बाबतीत त्याचा हिशोब पक्का होता. "लवंगीनं वास दबतो, रक्तातली दारू दबत न्हाई. एक क्वार्टर म्हणजे 180 मिली. 70 किलोच्या गड्यानं ती झटपट मारली तर 100 मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅमच्या वर जाती. कायद्याची हद्द 30. उतरती किती? तासाला साधारण 15. रात्री 11 ला दीड क्वार्टर मारून झोपलेला माणूस सकाळी 7 ला अंघोळ करून, गंध लावून मोंढ्याकडं निघाला तरी मशीन बोंबलणार."

"एवढा येळ?" मामू चमकला. मला पण हे नवीन होतं. सकाळच्या माणसाला आपण शुद्धीतला धरतो.

"लिव्हर म्हणजे काय बप्पाच्या साइटवरचा मजूर हाय का," आबा म्हणाले, "दम दिला की भराभरा काम उरकायला?"

बप्पानं दुसरा मोबाइल बाहेर काढला. "धरलं तर धरलं. साहेबाला एक फोन. न्हाईतर पावती फाडायची."

"ती पावती जागेवर फाटत न्हाई," वकील म्हणाला. वकिलाचं बोलणं तारखेसारखं लांबतं, पण त्या दिवशी सरळ बोलला. "कलम 185. कोर्टातच यावं लागतंय. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद न्हाईतर 10,000 दंड, न्हाईतर दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत न्हाईतर 15,000, न्हाईतर दोन्ही. हे 2019 पासूनचं."

"कोर्टात काय होतंय? पुण्यात त्या पोर्शेवाल्या पोराचं बघितलं न्हाई का? निबंध लिहायला लावला!"

"300 शब्दांचा," आबा म्हणाले. "तू तर तिथंच अडकशील. दहावीला मराठीतच गेला होतास."

आमचा चहावाला पण हसला. वकील मात्र मागं लागला, "तो आदेश तीन दिवसांत फिरवला, बप्पा. लोकांनी बोंब मारली म्हणून फिरवला. आणि दंडाचं सोड, विम्याचं ऐक. पिऊन ठोकलीस तर तुझ्या गाडीचा क्लेम गेला. समोरच्याला कंपनी पैसे देईल आणि तुझ्याकडून वसूल करायला लागेल. ती नवी साइट विकावी लागंल."

"तू आधी तुझ्या बांधाची केस जिंक. नऊ वर्षं झाली, भावानं अजून नांगराचं एक तास सरकू दिलं न्हाई."

पाच-दहा मिनिटं त्या बांधावरच गेली. कुणाची बाभळ, कुणाचा दगड. वकिलाचा आवाज चढला, डॉक्टरनं त्याला पिवळी गोळी देऊ केली.

बोलणं गाडीवर परत आणणारा मामू एकटाच. त्याची क्रेन आहे. औसा रोड असो की मुरूडची बाजू, रात्री-अपरात्री चेंदामेंदा झालेली गाडी उचलायला तोच जातो. "एक बोलू? दारू तर हायच. पण या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या किती? एकाला दोन जोडलेल्या, मागं लाइट न्हाई, रेडियम न्हाई. टायर फुटला की रस्त्यातच उभी आणि मागं एक दगड. पिलेल्याला ती दिसतच न्हाई, आणि शुद्धीतल्याला दिसती तवा उशीर झालेला असतो. मी क्रेनमधी रेडियमचा रोल ठेवलाय. उभी दिसली की चिकटवतो. फुकट."

"म्हणून म्हणतो बारच बंद करा हायवेवरचे," वकील म्हणाला.

"2017 ला केले होते की," आबा म्हणाले. "सुप्रीम कोर्टानं 500 मीटर मागं सरकवा म्हणून सांगितलं, नंतर शहरातल्यांना सूट मिळाली. पण बार मागं सरकला म्हणून माणूस 500 मीटर चालत जातो का? गाडीवरच जातो, गाडीवरच येतो."

"आमच्या सासरवाडीत बायांनी बाटली आडवी केली," मामू म्हणाला. "रांगा लावून मतदान केलं. गावात लई शांतता झाली, खोटं न्हाई बोलत. पण पिणारे गडी आता 8 किलोमीटरवर मोटारसायकलवर जायलेत. जाताना ठीक. येताना?"

त्या बायांच्या बाजूनं मी आहे आणि राहीन. पण मामूच्या 'येताना'ला त्या क्षणी आमच्यापैकी कुणाकडं उत्तर नव्हतं. आणि येताना म्हटलं की आमच्या कट्ट्यावर तात्या आठवतो.

चार वर्षं झाली. कंदुरीचं जेवण होतं मुरूडच्या पुढं, रानात. बोकड, भाकरी, आणि खाली बसल्या बसल्या ग्लास. बप्पा वाढत होता. "घे रे तात्या, माझ्या हातचा एक. न्हाई म्हणतोस? मला मानत न्हाईस?" असं तीनदा. रात्री तात्या उठला तर त्याला गाडीची किक मारता येईना. पाय दोनदा सटकला. मी हसलो, त्याला बाजूला केलं आणि किक मारून दिली. गाडी चालू करून त्याच्या हातात दिली. पुढच्या वळणावर उसाची ट्रॉली उभी होती.

हे मी कट्ट्यावर कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"ज्याला किक मारता येत न्हाई तो ब्रेक काय मारणार, एवढं मला कळायला पायजे होतं," मी म्हणालो. "त्याच्या अपघात विम्याचा एक रुपया आला न्हाई, रिपोर्टात दारू आली म्हणून. वहिनी शिलाई मशीनवर दोन पोरं शिकवायलीय."

"म्हणजे माझ्यामुळं गेला म्हणायलास?" बप्पा उसळला. "वाढलं म्हणून? पाहुण्याला आग्रह करायचा न्हाई का?"

"करायचा की," आबा म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "आपल्या मराठवाड्यात आग्रहाला कमी न्हाई. पानात भाकरी टाकताना करतो, ग्लास भरताना करतो. पण 'घे' म्हणणारे लई, 'ऱ्हा' म्हणणारं कुणी न्हाई. त्या राती कुणी तरी म्हणायचं होतं ना, तात्या, इथंच वाकळ टाकतो, झोप, सकाळी जा. मला मानत न्हाईस का म्हणायचं होतं. तिथं का न्हाई आग्रह केला?"

बप्पा चहाच्या रिकाम्या कपात बघत बसला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याचा विषय संपला नव्हता.

मग आबांनीच त्याला मोकळं केलं. "तुझ्या रानात शनिवारी हुरडा हाय ना? येतो. पण माझी रीत चालंल. एसटीत ड्युटीवर चढताना तोंड हुंगून घ्यायचे, मी आल्या आल्या चाव्या घेतो. एक पिशवी. प्यायचं त्यानं प्यावं, पण चावी सकाळी भाकरीबरोबर. ज्याला रातीच जायचंय त्यानं हात वर करून आधी सांगायचं, त्याच्या ताटात ग्लास न्हाई. आणि मामू, रस्त्यावर वळणाला तुझं रेडियम."

"वाकळा पुरतील का?" डॉक्टरनं विचारलं.

"कडबा हाय की!"

"पहिली चावी यजमानाची," आबांनी हात पुढं केला. "आण. आत्ताच सवय लागू दे."

बप्पा खिशावर हात ठेवून म्हणाला, "शनिवारी देतो."

"आण रे."

"आबा, शनिवारी म्हणलं की."

मामू क्रेनवाला. अडकलेलं ओढून काढायची त्याला सवय. त्यानं बप्पाच्या खिशात हात घातला आणि चावी वर धरली. गुलाबी कापडाचा ससा आणि त्याला लटकलेली स्कूटीची चावी.

"स्कॉर्पिओ?"

बप्पा इकडं-तिकडं बघत हळूच म्हणाला, "येळवशीच्या राती गेटचा खांब पडला. जरासाच. मी बायकोला सांगितलं, आंबीलच पिलो होतो."

"आंबिलीनं खांब पडतो?" डॉक्टर.

"चावी तिनं काढून घेतली. डब्यात ठेवलीय म्हणे. कुठल्या डब्यात ते सांगत न्हाई. आज सकाळी आख्खं स्वयंपाकघर हुडकलं."

पहिल्यांदा आबा हसले. मग वकील एवढा हसला की चहा पेपरवर सांडला. बप्पा पण हसायला लागला, डोळे पुसत. कशासाठी पुसत होता ते मी विचारलं नाही. ससा हातोहात फिरून आबांच्या पिशवीत गेला.

"आबा, ती पिशवी ऱ्हाऊ द्या," मामू म्हणाला. "शनिवारी वहिनीलाच बोलवा."