बदलीचा अर्ज खिशातच असू द्या
समजा, तुम्ही अठरा वर्षांचे आहात, उंची सव्वासहा फूट, मुक्काम पोस्ट टेक्सास, आणि अमेरिकन फुटबॉलचा तो लांबुळका चेंडू साठ यार्डांवर अचूक फेकता. तर आधी ते फेकणं थांबवा. आज भाव आहे. उद्या खेळ दिसला की उतरेल.

क्विन युअर्सचा कित्ता गिरवा. 2021 मध्ये तो हायस्कूलचं शेवटचं वर्ष सोडून ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. नुसत्या सह्या देण्यासाठी सुमारे 14 लाख डॉलरचा करार झाल्याच्या बातम्या आल्या. त्या हंगामात तो मैदानावर उतरला दोन चालींपुरता, आणि दोन्ही वेळा चेंडू शेजारच्याच्या हातात देऊन मोकळा झाला. मग टेक्सास विद्यापीठात बदली. तिथे तो पुढे चांगलाच खेळला म्हणा, पण असले अपवाद मनावर घेऊ नका.

नियम मात्र पाठ हवा. 1 जुलै 2021 पासून एनसीएएने (कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संस्था) खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा विकायची मुभा दिली. तेव्हाची अट एवढीच, की पैसे खेळण्याचे नसावेत आणि 'आमच्याच कॉलेजात ये' म्हणूनही नसावेत. लगेच माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून 'कलेक्टिव्ह' नावाची मंडळं थाटली. (वर्गणी कशी काढतात हे मराठी माणसाला सांगायला नको.) तेव्हापासून देशातले सगळ्यात देखणे चेहरे नेमके क्वार्टरबॅकचेच, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्यांचेच निघू लागले, हा निव्वळ योगायोग. युटा विद्यापीठात तर ऑक्टोबर 2023 मध्ये शिष्यवृत्तीवरच्या सगळ्या 85 फुटबॉलपटूंना पिकअप ट्रक वापरायला मिळाले. एका संघात 85 देखणे!

या बाजारात मला प्रामाणिक वाटला तो नेब्रास्काचा डीकोल्डेस्ट क्रॉफर्ड. नावाचा अर्थच 'सगळ्यांत थंड'. 2022 मध्ये त्याने एसी बसवणाऱ्या कंपनीची जाहिरात केली. नावाचे पैसे म्हणजे नावाचेच! पुढच्या वर्षी तोही लुइझियाना टेक विद्यापीठात गेला. तिथे उकाडा जास्त, एवढं कारण मला पुरेसं आहे.

आता बदलीचं. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बाकावर बसावं लागे. 2021 मध्ये एक बदली माफ झाली, 2024 पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही. आपल्याकडे तालुक्याच्या मास्तरांना हे कळलं तर मंत्रालयावर मोर्चा निघेल.

बदली मात्र ऐन मोक्यावर मागा. 2024 मध्ये नेवाडा-लास व्हेगासचा मॅथ्यू स्लूका पहिले तिन्ही सामने जिंकून संघ सोडून गेला. तोंडी कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. त्याच्याविना संघाने आणखी आठ सामने जिंकून हंगामातले एकूण 11 केले. म्हणून सांगतो, निघाल्यावर मागे वळून पाहू नये.

टेनेसीच्या निको इयामालियावाचा करार बातम्यांनुसार 80 लाख डॉलरच्या घरातला. एप्रिल 2025 मध्ये वाढीव रकमेवरून फिसकटल्याचं बोललं गेलं आणि स्वारी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात पोचली. मग यूसीएलएचा जोई अगिलार उठून टेनेसीला! याला आपल्याकडे साटंलोटं म्हणतात, फक्त इथे दोन्हीकडचे वऱ्हाडी पैसे देतात. यूसीएलएने पहिले चारही सामने हरून हंगामात एकूण तीन जिंकले, टेनेसीने आठ. पण ते संघाचं झालं. आपण चेहऱ्याबद्दल बोलत होतो.

कुणी शंका काढलीच तर सुनवा: 2022, 2023 आणि 2024 चे हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार) विजेते केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स आणि ट्रॅव्हिस हंटर, तिघेही कॉलेज बदललेले. दरवर्षी पोर्टलमध्ये, म्हणजे बदली मागणाऱ्यांच्या यादीत, उतरणारी बाकी हजारो मुलं, ज्यांतल्या कित्येकांना नवं कॉलेज मिळतच नाही आणि जुनी शिष्यवृत्तीही हातची जाते, ती या हिशेबात धरायची नसतात.

जून 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजंच थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी कॉलेजमागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. शिवाय 600 डॉलरपुढचा जाहिरातीचा करार खरा की बनावट, हे तपासायला वेगळी यंत्रणा. तेव्हा एखाद-दुसरी जाहिरात खरोखरच करा.

आणि हो, तुमच्याच कॉलेजात पुण्याहून टेनिसच्या शिष्यवृत्तीवर आलेली एखादी मुलगी असेल, तर तिला यातलं काही सांगू नका. तिच्या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत अशी कमाई करायला बंधनं आहेत. तिला बिचारीला नुसतं टेनिसच खेळावं लागतं.