व्यापार करारात नोकऱ्या वाटत नाहीत

‘भारत-ब्रिटन व्यापार करार झाला, गोंयकारांचं नशीब उघडलं!’ असा एक मेसेज फिरतोय. लंडनला नोकऱ्या खुल्या, पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना पुन्हा थेट प्रवेश, स्कॉच अर्ध्या किमतीत, फेणीला जगाची बाजारपेठ. खाली एजंटचा फोन नंबर. काल डिचोलीच्या मावसभावाने तोच पाठवला. तो कळंगुटला एका हॉटेलात तंदूर सांभाळतो. विचारत होता, "दादा, वीस हजार भरून टाकू?"

म्हणून आधी नोकरीचंच बोलू. २४ जुलै २०२५ ला करारावर सह्या झाल्या. ब्रिटिश सरकारने स्वतःच स्पष्ट केलंय की त्यांच्या गुणांवर चालणाऱ्या इमिग्रेशन पद्धतीला या कराराने हात लावलेला नाही. विषय इथेच संपायला हवा. पण एजंट ‘शेफ’ हा शब्द पुढे करतो, आणि तो शब्द करारात आहे, हे मान्य करावं लागतं. शेफ, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार मिळून वर्षाला १,८०० जण. अख्ख्या भारतातून! तेही तात्पुरते, आणि तिथल्या कामाचं कंत्राट आधी हातात हवं. वीस हजार भरून कंत्राट मिळत नाही, पावतीसुद्धा मिळेल की नाही शंका आहे.

पासपोर्टची थाप तर कहरच. आपली गोव्याची माणसं इंग्लंडमधल्या स्विंडनला गेली ती पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन, युरोपियन युनियनचे नागरिक म्हणून. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युनियनमधून बाहेर पडलं आणि तिथे थेट जाऊन काम करायची ती मोकळीक त्याच वर्षअखेर संपली. दिल्लीने लंडनशी केलेल्या करारात पोर्तुगालचा पासपोर्ट येतोच कुठून?

स्कॉच: आयात शुल्क १५० टक्क्यांवरून करार लागू होताच ७५ आणि दहाव्या वर्षी ४०. हिशेब करा. ४०० रुपयांच्या बाटलीवर आधी ६०० शुल्क, म्हणजे १,०००. ७५ टक्क्यांनी ३०० शुल्क, म्हणजे ७००. वर गोव्याचं अबकारी आणि दुकानदाराचा नफा आहेच. अर्धी कुठे झाली?

काजूच्या बोंडूंपासून गाळलेल्या आपल्या फेणीला २००९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तिकडे नाव झालं तर आनंदच. पण बोंडू येतात उन्हाळ्यातले मोजके आठवडे, भट्टी पेटते तेवढीच. जगाला पुरवणार कुठून? आपल्या कोळंबीवरचं ब्रिटनचं आयात शुल्क शून्यावर येणार, हे मात्र खरं आहे. निर्यातदारांनी खूश व्हावं.

मावसभावाला फोन केला. पैसे भरले नव्हते, पण पासपोर्टचा फोटो पाठवून बसलाय.