डांबराला पैसे आहेत, वाहनं मोजायला नाहीत!

दर वर्षी तोच तमाशा. जिल्हा वार्षिक योजनेत रस्त्यांना इतके कोटी दिले म्हणून पाठ थोपटून घ्यायची, आणि त्या रस्त्यावरून रोज किती अवजड वाहनं जातात असं विचारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघणार.

पैसा येतो कसा ते बघा. आदल्या हिवाळ्यात नियोजन विभाग कमाल मर्यादा कळवतो. त्यात प्रारूप आराखडा कोंबायचा, मग राज्यस्तरीय बैठक, मग मार्चमध्ये अर्थसंकल्प. 1 एप्रिलला वर्ष सुरू होतं खरं, पण बीम्सवर (सरकारची निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली) निधी दिसून कामांची यादी ठरेपर्यंत पावसाळा आलेला असतो. यादीवरून रुसवेफुगवे, म्हणून नवी यादी. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मध्येच आचारसंहिता लागली तर बोंबच. शेवटी 31 मार्चला बिलं घेऊन कोषागारात झुंबड, आणि नाही जमलं तर निधी परत. जिल्हा परिषदेला खर्चाला आणखी एक वर्ष मिळतं म्हणे. मिळतं, पण जुन्या अर्धवट कामांचं दायित्व आधी भागवायचं असतं. नव्या कामांना उरतं काय, कपाळ?

या धावपळीत वाहनगणना कोण करणार? आयआरसी-9, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची वाहनगणनेची नियमावली, सांगते: सलग 7 दिवस, चोवीस तास, वर्षातून किमान दोनदा, एकदा गर्दीच्या हंगामात आणि एकदा मंदीच्या. तीन पाळ्या, दोन्ही दिशांना एकेक माणूस धरला तरी एका ठिकाणच्या एका गणनेला 42 पाळ्या होतात, वर्षाला 84. एवढ्या माणसांची मजुरी कुठल्या लेखाशीर्षातून (बजेटच्या खात्यातून) काढायची यावरच फाइल महिनाभर फिरते. मग जुनं रजिस्टर काढायचं, वर्षाला 5 टक्के वाढ लावायची, झाली गणना!

चुकून मोजलंच तर ऑगस्टमध्ये मोजतात. तेव्हा साखर कारखाने बंद. उसाने ओसंडणारी एकही ट्रॉली त्या कागदावर येत नाही. रस्त्याच्या थरांची जाडी ठरते ती मालवाहू गाड्यांच्या आसभारावर (एकेका आसावर पडणाऱ्या वजनावर), मोटरसायकलींवर नाही. कागदावर गाड्या कमी, म्हणून थर पातळ. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की चाकोरीत रस्ता बसलाच. मग ठेकेदाराला शिव्या घाला! (तोही काही धुतल्या तांदळासारखा नसतो, ते सोडा.)

त्यात प्रत्येक जिल्ह्याची नियोजन समिती वेगळी, यादी वेगळी. रस्ता एकच, वाहतूक एकच, पण हद्दीच्या दगडापर्यंत गुळगुळीत डांबर आणि पलीकडे खडी उघडी. दोन्हीकडचे आकडे एका टेबलावर ठेवायचं काम कुणाच्याच जॉब चार्टमध्ये नाही.

आढावा बैठकीत प्रश्न एकच, खर्च किती टक्के झाला? अरे, सर्वेक्षणाचा पैसा तरी एप्रिललाच बाजूला काढा, आणि 31 मार्चला तो परत घेऊ नका. उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चालतो. तुमचं आर्थिक वर्ष बघून तो थांबत नाही.