हातातले फूल आणि जगाचा नकाशा

पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, यावरून 2025 मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला. हिंदीसंबंधीचे शासननिर्णय जूनअखेरीस मागे घेतले गेले, तरी लहान मुलांवर किती आणि केव्हा लादायचे हा वाद शमलेला नाही. नेदरलँड्समधल्या एका माँटेसरी वर्गात, म्हणजे जिथे मुले साधने हाताळत स्वतःच्या गतीने शिकतात अशा वर्गात, मदतनीस म्हणून काम करताना मी ही चर्चा मन लावून वाचत असते. माध्यम कोणते, लेखन केव्हापासून, इंग्रजी किती, यावर सगळे हिरिरीने बोलतात. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हातात दिवसभर नेमके काय असते, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

इथे मार्चमध्ये बरीचशी झाडे अजून निष्पर्ण असतात. त्या दिवसांत वर्गात हॉर्स चेस्टनटची एक डहाळी पाण्यात ठेवली जाते. तिची तपकिरी कळी इतकी चिकट असते की बोट लावणारे मूल दचकून हात मागे घेते आणि लगेच पुन्हा लावते. काही दिवसांनी कळीचे खवले सुटतात आणि आतून मऊ लव असलेले, घडी घातलेले पान बाहेर येते. मुले ते रोज पाहतात आणि ज्यांना वाटेल ती त्याचे चित्र काढतात. पुढे ट्यूलिप फुलले की एक फूल चटईवर सुटे केले जाते: बाहेरच्या तीन पाकळ्या, आतल्या तीन, सहा पुंकेसर आणि मधोमध तीन भागांच्या टोकाचा स्त्रीकेसर. ताई आधी नाव सांगतात, मग 'पुंकेसर दाखव' म्हणतात आणि शेवटी एकावर बोट ठेवून 'हे काय?' असे विचारतात. उत्तर आले नाही तर 'चुकलास' असे न म्हणता त्या पुन्हा पहिल्या पायरीवर जातात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते यानंतरचे काम. माँटेसरी वर्गातल्या लाकडी नकाशात प्रत्येक खंडाला ठरलेला रंग असतो: आशिया पिवळा, आफ्रिका हिरवा, युरोप लाल, उत्तर अमेरिका नारिंगी. ट्यूलिपचे चित्र मुले साहजिकच लाल तुकड्यावर ठेवतात. मग त्यांना सांगितले जाते की या फुलाचे मूळ मध्य आशियातल्या डोंगरांत आहे, तुर्कस्तानातल्या बागांमधून ते युरोपात आले आणि लायडनच्या वनस्पती उद्यानात 1593 मध्ये लावलेले कंद पुढच्या वर्षी फुलले. चित्र पिवळ्या तुकड्यावर सरकते. ज्या फुलाला सगळे जग या देशाची खूण मानते, ते दुसरीकडून आले आहे, हे चार वर्षांच्या मुलाला हाताने कळते. माझ्या मते जागतिक संस्कृतीचा पाठ इथून सुरू व्हायला हवा.

तो नेहमीच इथून सुरू होतो असे मात्र नाही. आशियाच्या पेटीत लाकडी हत्ती, साडीचा तुकडा आणि ताजमहालाचे चित्र ठेवून भारत 'झाला' असे मानणारे वर्ग इथेही आहेत. निसर्गासाठी खऱ्या डहाळीचा आग्रह धरायचा आणि माणसांच्या बाबतीत मात्र बाहुलीवर भागवायचे, हे मला पटत नाही. तुर्की, अरबी, पोलिश बोलणारी मुले वर्गातच बसलेली असतात. त्यांच्या घरची गाणी आणि त्यांचे आकडे त्यांच्याच तोंडून ऐकता येतात.

महाराष्ट्रातल्या वर्गाकडे खरा निसर्ग आणि खरी माणसे, दोन्ही मुबलक आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगरा, काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, पिंपळाला तांबूस पालवी फुटते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा आणि गुलमोहर मादागास्करचा, म्हणजे नारिंगी आणि हिरवा तुकडा दारातच उभा आहे. एकाच बालवाडीत घरी वेगवेगळ्या बोली बोलणारी मुले शेजारी बसतात. आणि नेमक्या याच दिवसांत अनेक बालवाड्यांतून चार वर्षांची मुले रेघांच्या वहीत अक्षरे गिरवत असतात.

माँटेसरी म्हणजे परदेशी आणि श्रीमंतांचे खूळ, हा आक्षेप मला मान्य नाही. मारिया माँटेसरी स्वतः 1939 ते 1946 भारतात होत्या, आणि त्याआधीच, 1926 मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला होता. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह पाने, बिया, शंख-शिंपले यांतून साधने उभी केली. महागड्या लाकडी संचांवाचून हे काम होऊ शकते, हे आपल्याकडे सिद्ध झालेले आहे.

अडचण खर्चाइतकीच वेळेची आहे. नोंदवह्या, पोषण आहार आणि सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडून संथ निरीक्षणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तिच्यावरचे इतर काम कमी करणे ही शासनाची जबाबदारी आहे. पालकांची घाई हा वेगळा प्रश्न आहे. इथे मुले चौथ्या वर्षी शाळेत येतात, पण वाचनाचे औपचारिक शिक्षण साधारण सहाव्या वर्षी सुरू होते आणि त्याला कुणी उशीर म्हणत नाही. माँटेसरी वर्गात बोटाने गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरे त्याआधीही फळीवर असतात, मात्र ती कधी घ्यायची हे मूल ठरवते. प्रवेशासाठी बालवाडी पाहायला जाणाऱ्या पालकांनी वह्या मागण्याऐवजी एवढेच विचारावे: या फळीवर मागच्या महिन्यात काय होते, आज काय आहे, आणि ते बाहेरून कुणी आणले?