बाकाचे लाभार्थी

सचिवपद मला पेनाच्या टोपणामुळे मिळालं. आमच्या समाजसेवी क्लबच्या सभेत नव्या वर्षाचे पदाधिकारी ठरत होते. "जरा कोणी लिहून घेता का?" असं अध्यक्षांनी विचारताच बाकीचे बावीस जण छताकडे, चपलांकडे, मोबाइलकडे बघू लागले आणि मी बेसावधपणे खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. 'टक्' असा आवाज झाला. त्यापाठोपाठ टाळ्यांचा.

क्लब कुठला ते विचारू नका. सांगितलं तर दंड आहे. आमच्याकडे दंड कशालाही असतो. लायन्स क्लबांत 'टेल ट्विस्टर', म्हणजे शेपूट पिरगाळणारा, नावाचा एक रीतसर पदाधिकारी असतो. सभेत सभासदांना क्षुल्लक कारणांवरून दंड ठोकायचा आणि हास्यविनोदात तो वसूल करायचा, हे त्याचं काम. त्याला स्वतःला मात्र हजर सभासदांच्या एकमताशिवाय दंड करता येत नाही. ही प्रथा आमच्या क्लबाने मनापासून उचलली. उशिरा आलात, दंड. वेळेआधी आलात, इतरांना लाजवल्याबद्दल दंड. वर्तमानपत्रात फोटो आला तर दंड, आणि गटाच्या फोटोत तुमचा फक्त कानच आला तर निम्मा. वर्षभरात या दंडाची बऱ्यापैकी रक्कम साठली आणि तिचं काय करायचं या प्रश्नावर माझ्या आयुष्याची वाट लागली.

पण त्याआधी रकान्याबद्दल सांगायला हवं. सचिवाने दर महिन्याला वरच्या कार्यालयाला ऑनलाइन अहवाल पाठवायचा असतो. प्रकल्पाचं नाव, तारीख, खर्च, सेवेचे तास आणि लाभार्थी संख्या. सेवेच्या तासांचं जमतं. बाक द्यायचा की घड्याळ, यावर अकरा जणांनी दोन तास वाद घातला की बावीस तास सेवा झाली. लाभार्थी संख्येचा रकाना मात्र हाडवैरी. तो रिकामा ठेवला तर पान पुढे सरकत नाही. शून्य लिहिलं तर लाल चौकट उमटते. 'मोजता येत नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं तर 'कृपया फक्त अंक भरा' अशी सूचना येते. एकदा रात्री साडेबाराला मी त्या सूचनेला उत्तर दिलं. तोंडी. बायको उठून बाहेर आली.

आधीच्या सचिवांनी यावर तोडगे काढून ठेवले होते. ते मला पास्ट प्रेसिडेंट मंडळींकडून कळले. या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला एक चालू अध्यक्ष माजी होतो. त्यामुळे आमच्याकडे साध्या सभासदांपेक्षा माजी अध्यक्षच जास्त आहेत, आणि मार्गदर्शन करणं हे त्यांचं पूर्णवेळ काम आहे. रक्तदान शिबिराचा अहवाल भरताना त्यांतले तिघे माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"किती बाटल्या?"

"एक्केचाळीस."

"मग एकशे तेवीस लिही."

हिशेब असा, की एका बाटलीतल्या रक्तातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे घटक वेगळे करता येतात, म्हणून एका दात्याचं रक्त तीन रुग्णांच्या उपयोगी पडू शकतं. यात खोटं काहीच नाही. फक्त त्यातला 'शकतं' हा शब्द अहवालाच्या वाटेवर गळून पडतो. एवढ्यावर थांबले असते तर ते माजी अध्यक्ष कसले? हिमोग्लोबिन कमी म्हणून एकोणीस जण परत पाठवले होते, त्यांनाही आपली तब्येत फुकटात कळली, म्हणजे लाभच झाला. एकूण १४२. त्या एकोणिसांत मीही होतो. साडेबारा हवं होतं, माझं बारा पूर्णांक दोन भरलं. सकाळपासून सतरंज्या अंथरून, टेबलं उचलून, बॅनर बांधून मी शेवटी परत पाठवलेल्यांच्या यादीत सही केली.

नेत्रतपासणीच्या वेळी तर खजिनदारांनी कमाल केली. अठ्ठ्याऐंशी माणसं आली होती.

"डोळे मोजा," ते म्हणाले.

"अहो, लाभार्थी म्हणजे माणूस ना?"

"शिबिर डोळ्यांचं होतं. तपासले किती? एकशे शहात्तर. मी कुठे खोटं बोलतोय?"

१९२५ साली ओहायोतल्या सीडर पॉइंट इथे भरलेल्या लायन्सच्या अधिवेशनात अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी भाषण केलं आणि तुम्ही अंधांचे शिलेदार व्हा, अशी साद घातली. तेव्हापासून डोळे हा सेवाक्लबांचा हक्काचा विषय झाला. पण शिलेदारांनी डोळे मोजावेत की डोकी, हे बाईंनी सांगून ठेवलं नाही. खजिनदार याचाच फायदा घेतात.

तर दंडाची रक्कम. दोन सभा आणि बावीस तासांच्या सेवेनंतर असं ठरलं, की चढाच्या रस्त्यावर मधोमध एक बाक बसवायचा. कल्पना चांगली होती, त्यामुळे तिला ताबडतोब उपसमिती लागली. उपसमितीने सर्वात आधी बाकाच्या पाठीवर कोणाची नावं घालायची ते ठरवायला घेतलं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार. मग प्रकल्पप्रमुख. मग सहप्रकल्पप्रमुख, कारण ते रुसले होते. मग सगळे माजी अध्यक्ष, सालासकट. दंड सर्वात जास्त मीच भरला असं म्हणून एका सभासदाने वेगळी ओळ मागितली आणि ती त्याला मिळाली. मजकूर मावेना म्हणून बाकाची पाठ उंच केली. पाठीचा खर्च वाढला म्हणून बसायची फळी आखूड केली. जे उभं राहिलं ते दुरून बाकापेक्षा पायरी लावलेल्या कोनशिलेसारखं दिसत होतं. तिघं बसू शकतील, पण आधी सलोखा हवा.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी कोणाला तरी हिरवा रंग फिका वाटला आणि त्याने आणखी एक हात मारून घेतला. ही गोष्ट पाहुण्यांना कोणी सांगितली नाही. पाहुण्यांनी फीत कापली, समाजाचं ऋण या विषयावर पंचवीस मिनिटं भाषण केलं आणि छायाचित्रकार "सर, जरा बसून एक" म्हणाल्यावर ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी ऐसपैस बसले. उठायला थोडा वेळ लागला. उठताना फाटल्यासारखा आवाज आला, पण फाटलं काही नव्हतं. मागून मात्र पाहुणे आखीव वहीसारखे दिसत होते, आणि खांद्याच्या खाली दोन माजी अध्यक्षांची नावं उलट्या अक्षरांत उमटली होती.

रात्री मी अहवाल उघडला. प्रकल्प: बाक. तास: बावीस. लाभार्थी संख्या: ... कर्सर लुकलुकत राहिला.

बाकाचे लाभार्थी किती? रस्त्याने जाणारे सगळे? की बसणारे? की बसावंसं वाटणारे? अशा वेळी मला शिकागोचे पॉल हॅरिस आठवतात. या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी यांना जमवून पहिली बैठक घेतली. पुढे हे लोक आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटत, म्हणून त्यांच्या क्लबाला रोटरी, म्हणजे फिरता, हे नाव पडलं. त्या क्लबने १९०७ साली हाती घेतलेलं पहिलं मोठं लोकोपयोगी काम म्हणजे सार्वजनिक स्वच्छतागृह. त्यांच्या सचिवाला हा रकाना भरावा लागला असता, तर बिचारा कुठे उभा राहिला असता आणि कोणाला काय विचारलं असतं? एकच गृहस्थ दिवसातून तीनदा आला तर तो एक की तीन? त्या मानाने आपला बाक बरा, अशी मी मनाची समजूत घातली.

मोजणीचा एक चोख नमुना मात्र याच मंडळींच्या कामात सापडतो. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्ध जगभर मोहीम उघडली. १९८८ साली १२५ देशांत मिळून वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलांना हा आजार होत होता, आणि आज त्याचा मूळ विषाणू बोटांवर मोजण्याइतक्याच देशांत उरला आहे. या मोहिमांत दोन थेंब पाजले की बाळाच्या करंगळीवर शाईची खूण करतात. कोण झालं, कोण राहिलं, वाद नाही. मला हेवा वाटला. बाकावर बसून उठलेल्या माणसाला शाई कुठे लावणार? मग लक्षात आलं, की आपण ती लावलेलीच आहे. हिरवी.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी हिरवे पट्टे शोधत हिंडलो. चार सापडले. पाचवा माणूस सापडला तो मला शोधत होता. पाठीवरच्या यादीतून त्याने सचिवाचं नाव हुडकून काढलं होतं. एवढी मोठी यादी वाचणारा तो पहिला आणि शेवटचा वाचक. त्याचं संपूर्ण म्हणणं मी उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर वहीत पाच केले.

तिसऱ्या दिवशी रंग वाळला. आता प्रत्यक्ष जाऊन बसण्याला पर्याय नव्हता. समोर उभं राहून मोजलं तर लोक बसायला बिचकतात, म्हणून मी बाकाच्याच एका टोकाला बसलो. पहिल्या तासात एका माणसाने बुटाची नाडी बांधायला पाय ठेवला. अर्धा लाभार्थी धरला. एकाने पिशवी ठेवली आणि स्वतः उभा राहिला. पिशवीचं काय करायचं ते सुचेना. बाकाखाली सावलीत एक कुत्रं येऊन पसरलं ते दिवसभर हललं नाही. खरं सांगतो, आमच्या क्लबच्या इतिहासात कोणत्याही प्रकल्पाचा इतका मनापासून लाभ कोणी घेतलेला मी पाहिला नाही, पण रकान्यात त्याची सोय नव्हती.

एक आजी रोज दोन हातांत दोन पिशव्या घेऊन तो चढ चढायच्या. पहिल्या दिवशी मी टोकाला, वही मध्ये, पाण्याची बाटली पलीकडे. त्या थोडा वेळ समोर उभ्या राहिल्या.

"जरा सरकतोस का बाबा?"

मी सरकलो. त्या बसल्या, पिशव्या पायाशी ठेवल्या, पदराने तोंड पुसलं आणि पाठीवरच्या अख्ख्या कार्यकारिणीला टेकून डोळे मिटले. पाच मिनिटांनी उठल्या आणि गेल्या. मी एक लिहिला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. आता हा दुसरा की तोच? मी कंसात 'आजी, पुन्हा' असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीत डोकावून पाहिलं.

"कोणाची वाट बघतोस रोज?"

"तुमचीच," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "घरी कोण कोण असतं?"

"बायको आहे. सध्या बोलत नाही." तेही खरंच होतं. बाकापायी सलग सहा दिवस मी घरी दुपारचा जेवायला गेलो नव्हतो.

"हं," आजी म्हणाल्या. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. सातव्या दिवशी त्यांनी एका पिशवीतून माझ्यासाठी घरचा डबा काढला. नाही म्हणायची सोय नव्हती. जेवलो, आणि वहीत आजींच्या नावापुढे आणखी एक रेघ मारली.

पुढच्या सभेत पत्रवाचन होतं. पत्र अध्यक्ष वाचतात आणि सचिव इतिवृत्त लिहितो, म्हणून माझी मान खालीच होती.

"आपल्या बाकाजवळ राहणाऱ्या एका बाईंचं पत्र आहे," अध्यक्ष म्हणाले. "लिहितात, 'तुमच्या बाकावर एक गृहस्थ दिवसभर एकटा बसून असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत वहीत रेघोट्या मारतो. घरात बोलायला कोणी नाही, जेवणाचे हाल आहेत. पाठीवर हिरवे पट्टे असलेला एकच सदरा रोज घालतो. तुम्ही एवढी मोठी माणसं, तुमची नावं बाकावर आहेत, तर त्याच्यासाठी काहीतरी करा.'"

सभागृह गहिवरलं. क्लबच्या दारी गरज अशी स्वतःहून चालत येत नाही. दोन माजी अध्यक्षांनी उभं राहून सूचना मांडली, तिसऱ्याने अनुमोदन दिलं. सदरे, महिन्याचा शिधा, समुपदेशन आणि रविवारी सकाळी सात वाजता बाकाजवळ छोटासा कार्यक्रम, छायाचित्रकारासह. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि मी तो शब्दन् शब्द लिहून घेतला. वर्षात प्रथमच रकान्यात काय भरायचं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"लाभार्थी संख्या एक," मी म्हणालो.

खजिनदारांनी चष्मा वर केला. "डोळे धरून?"